सल्ला बाहेरचा, संस्था घरची

प्रस्तावना

हिंगोली जिल्ह्यातल्या आमच्या गोरेगावच्या ग्रामपंचायतीत ग्रामसेवक बसतो. जन्ममृत्यूची नोंद, घरपट्टीची पावती, ग्रामसभेचे इतिवृत्त, घरकुलाची यादी असे गावाचे निम्मे कागद त्याच्या टेबलावरून निघतात. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे ही वतने जुनी आहेत. ग्रामसेवक मात्र स्वतंत्र भारताने घडवला, आणि तो घडवताना बाहेरच्या जगाची मदत घेतली. १९४८ साली उत्तर प्रदेशातल्या इटावा जिल्ह्यात अल्बर्ट मायर या अमेरिकी नगररचनाकाराच्या सल्ल्याने ग्रामविकासाचा पथदर्शी प्रकल्प सुरू झाला. शेती, आरोग्य, शिक्षण अशा अनेक खात्यांच्या वतीने गावात जाणारा एकच कार्यकर्ता असावा, ही कल्पना तिथे कसाला लागली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास कार्यक्रम देशात सुरू झाला, तेव्हा अशा कार्यकर्त्यांना शिकवण्यासाठी प्रशिक्षण केंद्रे निघाली आणि त्यांना फोर्ड फाउंडेशनने पैसा पुरवला. बाहेरून आलेला विचार इथल्या गावात मुरला, इथल्या कायद्यात बसला, आणि आज कुणालाही तो परका वाटत नाही.

म्हणूनच पश्चिम आफ्रिकेतल्या घाना या देशाचे अधिकारी कसे शिकले, कुणाच्या मदतीने शिकले, या विषयावरचे पुस्तक सेनगाव तालुक्यातल्या एका गावातून वाचकांपुढे ठेवताना मला तो विषय लांबचा वाटत नाही. नव्याने स्वतंत्र झालेल्या प्रत्येक देशापुढे एकच अडचण असते. झेंडा एका रात्रीत बदलतो, पण कचेरीतली माणसे एका रात्रीत तयार होत नाहीत. सारा कसा आकारायचा, अंदाजपत्रक कसे बांधायचे, दुष्काळात धान्य कुठून कुठे हलवायचे, आलेल्या अर्जाला किती दिवसांत उत्तर द्यायचे, हे कुणीतरी कुणाला तरी शिकवावे लागते. शिकवणारे घरात पुरेसे नसतील तर बाहेरून आणावे लागतात. त्यातून जे देणे-घेणे उभे राहते, त्याला आपण आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणतो. या सगळ्या देण्याघेण्याकडे पाहताना मी एका प्रश्नाला धरून राहिलो आहे. पाहुणा शिक्षक परत गेल्यावर त्या देशात शिकवणारी स्वतःची संस्था उरते का? माझ्या मते साऱ्या सहकार्याचे मोल या एका प्रश्नाच्या उत्तरात आहे.

मराठवाड्याला हा प्रश्न आपल्या अनुभवातून कळण्यासारखा आहे. निजामाच्या राज्यात वरच्या कारभाराची भाषा उर्दू होती आणि वर्ष फसली होते. गावातला शेतकरी मराठी बोलत होता, कुलकर्ण्याचे दप्तर मोडीत होते, आणि तालुक्याहून येणारा हुकूम वेगळ्याच लिपीत येत होता. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाविरुद्ध भारताची पोलीस कारवाई झाली आणि मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी हैदराबादचे लष्करी राज्यपाल झाले. मुंबई प्रांतातले सनदी अधिकारी द. शं. बखले मुख्य नागरी प्रशासक म्हणून आले. मुंबई, मद्रास, मध्य प्रांत इथून अधिकारी मागवून जिल्ह्यांचा कारभार चालवावा लागला. त्या काळात मोठी कामे झाली. १९४९ मध्ये जहागिऱ्या खालसा झाल्या. १९५० मध्ये हैदराबादचा कूळ कायदा आला, आणि आजही मराठवाड्यातल्या जमिनीच्या वादात त्या कायद्याची कलमे निघतात. बाहेरून आलेल्या अधिकाऱ्यांशिवाय एवढ्या थोड्या अवधीत हे घडणे अवघड होते.

तरीही उसन्या अधिकाऱ्यांनी चालवलेल्या राज्याला एक मर्यादा असते, आणि ती लवकरच दिसली. नोकऱ्या बाहेरच्यांना मिळतात, आम्ही इथले असून मागे राहतो, ही भावना वाढत गेली आणि १९५२ मध्ये वरंगळ आणि हैदराबाद इथे मुलकी, म्हणजे स्थानिक रहिवाशांच्या, हक्कांसाठी विद्यार्थी रस्त्यावर आले. बाहेरून आलेले सारेच अधिकारी वाईट होते, असे कुणी म्हणणार नाही. पण त्यांच्या हाताखाली इथली मुले किती वेगाने तयार होत होती, हा प्रश्न रास्त होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. त्यानंतर कारभार मराठीत आणण्यासाठी भाषा संचालनालय कामाला लागले, १९६२ मध्ये पदनाम कोश आला, १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम झाला. कचेरीची भाषा आणि गावाची भाषा एक होणे हेदेखील प्रशिक्षणच आहे. आपल्याकडे त्याची गणना प्रशिक्षणात होत नाही, पण घानाचा अनुभव वाचताना त्याची किंमत कळते.

स्वतंत्र भारत या क्षेत्रात आधी विद्यार्थी होता, हे विसरून चालणार नाही. पॉल ॲपलबी हे अमेरिकी प्रशासनतज्ज्ञ सरकारच्या निमंत्रणावरून आले आणि १९५३ मध्ये त्यांचा भारतीय प्रशासनावरचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यातल्या शिफारशीतून १९५४ मध्ये दिल्लीत भारतीय लोकप्रशासन संस्था उभी राहिली. पंडित नेहरू तिचे पहिले अध्यक्ष झाले. दोन वर्षांनी, १९५६ मध्ये, हैदराबादला ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेज ऑफ इंडिया निघाले. त्याचा नमुना इंग्लंडमधल्या हेन्ली इथल्या कॉलेजचा होता आणि त्याला जागा मिळाली ती बेला व्हिस्टा प्रासादात, जिथे पूर्वी निजामाचे थोरले चिरंजीव राहत. प्रारंभीच्या काळात निवृत्त सेनाप्रमुख जनरल श्रीनागेश तिथे प्राचार्य होते, आणि पुढे माजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी अनेक वर्षे त्या संस्थेच्या नियामक मंडळाचे अध्यक्षपद सांभाळले. हेन्लीची पद्धत अशी की अधिकाऱ्याला बाकावर बसवून व्याख्यान देण्यापेक्षा वेगवेगळ्या क्षेत्रांतल्या अनुभवी माणसांचे लहान गट करायचे, त्यांच्यापुढे खरा प्रश्न ठेवायचा आणि त्यांनाच उत्तर शोधायला लावायचे. ही पद्धत हैदराबादने घेतली, आपलीशी केली आणि पुढे इतर देशांच्या अधिकाऱ्यांना तिथेच बोलावून शिकवले.

आपल्या राज्यात या परंपरेची केंद्रे हळूहळू वाढली. १९६३ मध्ये मुंबईत राज्य शासनाचे प्रशासकीय प्रशिक्षणाचे कॉलेज निघाले. ते १९८४ मध्ये पुण्याला आले आणि १९९० पासून यशवंतराव चव्हाण विकास प्रशासन प्रबोधिनी, म्हणजे यशदा, या नावाने ओळखले जाते. उपजिल्हाधिकारी, तहसीलदार, गटविकास अधिकारी इथून शिकून जिल्ह्यात येतात. मराठवाड्यात जागतिक बँकेच्या कर्जावर सिंचनाची कामे चालू होती त्या काळात, १९८० मध्ये, औरंगाबादला जल व भूमी व्यवस्थापन संस्था, म्हणजे वाल्मी, स्थापन झाली. धरण बांधणाऱ्या अभियंत्याने पाणी वाटायलाही शिकले पाहिजे, हा तिच्यामागचा विचार. त्याआधी १९५६ मध्ये मुंबईत लोकसंख्येच्या अभ्यासाची संस्था निघाली होती. सर दोराबजी टाटा ट्रस्ट, भारत सरकार आणि संयुक्त राष्ट्रे यांनी ती मिळून उभी केली आणि आशियातल्या देशांचे अधिकारी तिथे जनगणना व लोकसंख्याशास्त्र शिकू लागले. आता ती आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते.

आफ्रिकेकडे पाहण्याची मराठी माणसाची वाट मात्र याहून जुनी आहे. औंध संस्थानचे राजपुत्र अप्पा पंत १९४८ मध्ये भारताचे आयुक्त म्हणून नैरोबीला गेले. त्याआधी त्यांनी औंधच्या प्रयोगात काम केले होते. १९३९ मध्ये गांधीजींच्या मार्गदर्शनाखाली त्या लहानशा संस्थानाने आपली सत्ता ग्रामपंचायतींच्या हाती सोपवली, आणि त्या राज्यघटनेखाली अप्पा पंत पंतप्रधान होते. कारभार लोकांच्या हाती द्यायचा तर लोकांना त्यासाठी तयार करावे लागते, हे त्यांनी माणदेशातल्या गावांत पाहिले होते. नैरोबीत आल्यावर त्यांनी आफ्रिकी तरुणांना भारतीय विद्यापीठांत शिकण्यासाठी शिष्यवृत्त्या मिळवून देण्याचा ध्यास घेतला. हा पूर्व आफ्रिकेतला वृत्तान्त असला तरी विषयाशी त्याचे नाते थेट आहे. स्वराज्य मागणाऱ्याला स्वराज्य चालवण्याचे शिक्षणही मिळाले पाहिजे, हा त्यामागचा विश्वास. भारत स्वतः गरीब असताना त्याने हे केले, याचा मला अभिमान वाटतो.

१५ सप्टेंबर १९६४ रोजी त्या विश्वासाला शासकीय योजनेचे रूप मिळाले. भारतीय तांत्रिक व आर्थिक सहकार्य कार्यक्रम, म्हणजे आयटेक, त्या दिवशी सुरू झाला. राष्ट्रकुलातल्या आफ्रिकी देशांसाठी त्याच्या जोडीने वेगळी साह्ययोजना होती. आज १६० हून अधिक देशांतले अधिकारी आणि तंत्रज्ञ आयटेकखाली भारतात येतात. प्रवास, शिकवणी, निवास आणि निर्वाहभत्ता भारत देतो. हिशेबतपासणी, ग्रामविकास, संसदीय कामकाज, सहकार, संगणक असे विषय असतात. इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. श्रीमंत देशांची मदत पुष्कळदा पैशाबरोबर अटी घेऊन येते. ज्याने स्वतः कालपरवा गुलामगिरी झटकली आणि ज्याच्या गावात अजून नळाला पाणी नाही, तो देश शिकवायला बसतो तेव्हा बोलणे वेगळे होते. अपुरा निधी, अनेक भाषा, पावसावर अवलंबून शेती, निरक्षर अर्जदार या गोष्टी त्याला पुस्तकातून समजून घ्याव्या लागत नाहीत.

आता घानाकडे येऊ. ६ मार्च १९५७ रोजी गोल्ड कोस्ट ही वसाहत घाना या नावाने स्वतंत्र झाली. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला ब्रिटिश वसाहतींपैकी स्वातंत्र्य मिळवणारा तो पहिला आफ्रिकी देश. देशाचे नेते क्वामे एन्क्रुमा यांच्यापुढे कारभाराचा जो सांगाडा होता, त्याच्या वरच्या जागा इंग्रजांच्या हाती होत्या. प्रशासकीय सेवेत आफ्रिकी माणसांची नेमणूक प्रथम १९४२ मध्ये झाली. ए. एल. अडू आणि के. ए. बुसिया या दोघांना साहाय्यक जिल्हा आयुक्त नेमले गेले. बुसिया पुढे देशाचे पंतप्रधान झाले. अडू सनदी सेवेतच राहिले आणि सेवेच्या आफ्रिकीकरणाचे काम त्यांनी जवळून केले. १९६५ मध्ये त्यांनी नव्या आफ्रिकी राज्यांतल्या सनदी सेवेवर ग्रंथ लिहिला. स्वतःच्या माणसांना वरच्या जागी आणताना कामाचा दर्जा कसा टिकवायचा, मंत्र्याशी निष्ठा आणि नियमाशी निष्ठा यांचा मेळ कसा घालायचा, हे प्रश्न अडूंनी सोसले होते. मुलकी-बिगरमुलकीचा वाद पाहिलेल्या प्रदेशातल्या वाचकाला ते ओळखीचे वाटतील.

इंग्रज अधिकारी भरपाई घेऊन परतू लागले तेव्हा घानाने दोन रस्ते धरले. तरुणांना परदेशी विद्यापीठांत पाठवले आणि देशातच शाळा उघडली. दुसरा रस्ता मला अधिक महत्त्वाचा वाटतो. १९६१ मध्ये घाना सरकार आणि संयुक्त राष्ट्रांचा विशेष निधी यांनी मिळून राजधानी अक्राजवळच्या अचिमोटा भागात लोकप्रशासन संस्था स्थापन केली. आरंभी परदेशी प्राध्यापकांचा आधार होता. १९६६ मध्ये लष्कराने एन्क्रुमांची सत्ता उलथवली. त्यानंतर सरकारे आली, पडली, पुन्हा लष्कर आले, पण ही संस्था बंद पडली नाही. १९६९ मध्ये तिचे नाव घाना व्यवस्थापन व लोकप्रशासन संस्था, म्हणजे जिम्पा, असे झाले. २००४ च्या कायद्याने तिला नवे स्वरूप मिळाले आणि आज ती पदव्या देते, इतर आफ्रिकी देशांचे विद्यार्थी घेते. जो देश शिकायला बसला होता, तो आता शेजाऱ्यांना शिकवतो आहे.

हा प्रवास सरळ झाला असे मात्र नाही. १९८३ पासून घानाने आर्थिक सुधारणांचा मार्ग धरला आणि जागतिक बँक व आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांचे वजन वाढले. १९८७ मध्ये सनदी सेवा सुधारणेचा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा नोकरवर्ग कमी करण्यावर मोठा भर होता. खर्च आटोक्यात आणायचा म्हणून माणसे कमी करणे हे एक काम, आणि उरलेल्या माणसांना अधिक चांगले काम करायला शिकवणे हे दुसरे. पहिले काम आकड्यांत दाखवता येते, दुसऱ्याला वर्षे लागतात. मदत देणाऱ्याला अहवाल वर्षअखेर हवा असतो, म्हणून पहिल्याकडे ओढ राहते. याच काळात, १९८८ मध्ये, घानाने ११० जिल्हा सभा स्थापन करून कारभार खाली नेण्याचा निर्णय घेतला. आपल्याकडे पंचायत राज्याची त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती त्यानंतर पाच वर्षांनी, १९९३ मध्ये, अमलात आली. जिल्हा सभेचा सदस्य आणि जिल्हा परिषदेचा सदस्य यांच्यापुढची कोडी किती सारखी आहेत, हे वाचक स्वतःच ताडू शकेल.

भारताचा हात घानाच्या या प्रवासात अनेकदा दिसतो. त्यातला सर्वांत ठोस म्हणजे अक्रातले घाना-भारत कोफी अन्नान माहिती तंत्रज्ञान केंद्र. २००३ मध्ये ते सुरू झाले आणि त्याच्या उभारणीत पुण्याच्या सी-डॅक या संगणक संस्थेचा मोठा वाटा होता. काही अधिकाऱ्यांना पुण्याला बोलावून प्रमाणपत्र देता आले असते. त्याऐवजी केंद्रच अक्राला उभे राहिले आणि घानाचे लोक ते चालवतात. माझ्या प्रश्नाला याहून चांगले उत्तर मला भारताच्या सहकार्यात सहज सापडत नाही.

याच्याच शेजारी गॅम्बियाचे उदाहरण ठेवतो. सेनेगलने तिन्ही बाजूंनी वेढलेल्या या देशाची लोकसंख्या सुमारे २४ लाख, म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या हिंगोली जिल्ह्याच्या दुप्पट. बावीस वर्षांची एकाधिकारशाही २०१७ मध्ये संपली आणि कारभाराची घडी नव्याने बसवण्याची वेळ आली. कार्मिक प्रशासन व सुशासन सुधारणांसाठी भारताने गॅम्बियाशी सामंजस्य करार केला. मसुरीच्या राष्ट्रीय सुशासन केंद्रात तिथल्या अधिकाऱ्यांना प्रशिक्षण मिळाले. हे स्वागतार्ह आहे. पण अल्प मुदतीचा वर्ग आणि घानातल्यासारखी साठ वर्षे टिकलेली संस्था यांत अंतर आहे. लहान देशातले मोजके अधिकारी शिकून गेले, बदलून गेले किंवा निवृत्त झाले, तर त्यांच्याबरोबर ते शिक्षणही जाते. गॅम्बियाच्या स्वतःच्या प्रशिक्षण संस्थेत शिकवणारे शिक्षक तयार करण्यावर पुढच्या काळात भर दिला गेला पाहिजे, असे मी आग्रहाने म्हणतो.

प्रशिक्षण वाया कसे जाते, हे सरकारी नोकरीत असलेल्या कुणालाही ठाऊक आहे. वर्गाला कुणी जायचे हे कामाची गरज पाहून ठरण्याऐवजी ज्येष्ठता किंवा मर्जी पाहून ठरते. परत आलेल्या माणसाची दुसऱ्याच खात्यात बदली होते. टिपणवह्या कपाटात जातात. ज्या साहेबाच्या हाताखाली नवे काही करून पाहायचे, त्याला त्याची गरज वाटत नाही. हे अक्रात घडते तसे मुंबईतही घडते. त्यावरचा उपाय प्रशिक्षणाच्या वर्गापेक्षा कचेरीत अधिक आहे. शिकायला जाण्याआधीच अधिकाऱ्याने आपल्या कामातला एक अडलेला प्रश्न सोबत न्यावा, परतल्यावर तो सोडवून दाखवण्यासाठी त्याला ठरावीक मुदत त्याच जागेवर मिळावी, आणि त्याने शिकलेले हाताखालच्या दहा जणांना त्यांच्या भाषेत शिकवावे, एवढे नियम पाळले तरी पुष्कळ साधेल.

भाषेचा मुद्दा मुद्दाम लिहिला. घानात कारभार इंग्रजीत चालतो, बाजारात आणि शेतावर अकान, एवे, गा, दागबानी बोलल्या जातात. १९५१ पासून तिथे देशी भाषांत वाङ्मय तयार करणारी सरकारी संस्था आहे, पण अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण मुख्यतः इंग्रजीत होते. आपल्याकडेही वरचे प्रशिक्षण इंग्रजीत आणि खालचे मराठीत, अशी उतरंड आहे. जे ज्ञान अर्जदाराच्या भाषेपर्यंत उतरत नाही, ते अर्जदाराच्या कामाला येत नाही. २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम ठरावीक मुदतीत सेवा मिळण्याचा हक्क देतो. तो हक्क माहीत असलेला नागरिक आणि तो मान्य करणारा कर्मचारी असे दोघेही शिकवूनच तयार होतात.

पुढील प्रकरणे मी तीन प्रकारच्या वाचकांसाठी लिहिली आहेत. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी आमच्या भागातली मुले-मुली पदाकडे डोळे लावून बसलेली असतात. पदावर गेल्यावर आयुष्यभर शिकावे लागते, हे त्यांना इथे दिसावे. तलाठी, ग्रामसेवक, तहसील कचेरीतले कारकून यांनी हे वाचावे, कारण राज्य म्हणजे काय हे बहुतेक लोकांना त्यांच्या वागण्यावरूनच कळते, मग ते गोरेगाव असो की घानातल्या कुमासीजवळचे एखादे खेडे. आणि सरपंच, सदस्य, पत्रकार, शिक्षक यांनी वाचावे, कारण प्रशिक्षणावर होणारा खर्च लोकांचा आहे आणि त्याचा हिशेब विचारणे त्यांचे काम आहे.

परदेशी मदतीकडे आपण दोन टोकांनी पाहतो. एक तर ती दिसली की हात पसरतो, किंवा ती म्हणजे कारस्थान समजून दार लावून घेतो. घानाने आणि भारताने दाखवलेला मार्ग या दोन्हींहून शहाणा आहे. बाहेरचा सल्ला मोकळ्या मनाने घ्यावा, तो आपल्या गरजेवर घासून पाहावा, शिकवणाऱ्याबरोबर आपला शिक्षक पहिल्या दिवसापासून उभा करावा आणि ठरल्या वेळी पाहुण्याला सन्मानाने निरोप द्यावा. जो देश असे करतो तो उद्या दुसऱ्याला शिकवण्याइतका मोठा होतो. महाराष्ट्राने आपल्या संस्था यासाठी अधिक उघड्या ठेवाव्यात. आफ्रिकेतून येणाऱ्या अधिकाऱ्यांना पुण्या-मुंबईच्या सभागृहांबरोबर हिंगोली, परभणी, नांदेडच्या तालुका कचेऱ्या दाखवाव्यात, तिथले यश दाखवावे आणि अपयशही लपवू नये. त्यांच्याकडूनही ऐकावे, कारण थोड्या साधनांत राज्य चालवण्याचा त्यांचा अनुभव आपल्या अनेक तालुक्यांच्या उपयोगी पडेल. सहकार्याचा खरा अर्थ दोन्ही बाजूंनी शिकणे हाच आहे, आणि हे पुस्तक त्यासाठीच लिहिले आहे.

गोरेगाव, ता. सेनगाव, जि. हिंगोली